पत्त्याचा रकाना

पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला असताना सरांनी एकदा दोघांना एकदम बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर एक स्लाइड लावली आणि मला समोर बसवलं. "काय दिसतंय?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं. पेशी मध्यम आकाराच्या, सगळ्या एकसारख्या, केंद्रकं गडद, जागोजागी विभाजन चाललेलं. सर म्हणाले, "हे झालं. आता लो पॉवरला ये आणि नुसतं बघ." मी लेन्स फिरवली. सगळीकडे गच्च जांभळं-काळं पसरलेलं आणि त्यात मधूनमधून फिकट, स्वच्छ ठिपके. उन्हाळ्यात म्हसवडला आम्ही अंगणात बाज टाकून झोपायचो, तेव्हा वर जे दिसायचं तेच.

"आकाश," मी म्हणाले.

सरांनी मान डोलावली. "सगळे तेच म्हणतात. याला स्टारी स्कायच म्हणायचं. बर्किट लिम्फोमा."

लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा, रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, कॅन्सर. त्या चांदण्या म्हणजे काय, हे त्यांनी मग सांगितलं. माणसाला होणाऱ्या गाठींमध्ये इतक्या वेगाने वाढणारी दुसरी गाठ क्वचितच सापडेल. एक-दोन दिवसांत पेशी दुप्पट होतात. इतक्या घाईत जन्मलेल्या पेशी मरतातही ढिगाने. त्या मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करायला शरीराच्या भक्षक पेशी धावून येतात, आणि त्यांचं पोट भरल्यावर त्या फुगून फिकट दिसतात. काळोख म्हणजे रोग, आणि चांदण्या म्हणजे तो आवरायला निघालेलं आपलंच शरीर. त्या संध्याकाळी मी होस्टेलवर गेले ती हेच घोळवत. पुढची पंचवीस-तीस वर्षं लिम्फोमाच्या स्लाइड बघण्यात गेली, त्याची सुरुवात तिथे झाली.

बर्किट हे एका माणसाचं आडनाव आहे, एवढं तेव्हा माहीत होतं. तो माणूस कोण, हे हळूहळू वाचत गेले. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. लसिकापेशींच्या कॅन्सरच्या संशोधनात ज्याचं नाव कायमचं कोरलं गेलं, त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. तो साधा सर्जन होता. आपल्याकडे दोन माणसं एसटीत शेजारी बसली की पहिल्यांदा जे विचारतात, तेच तो जन्मभर विचारत राहिला: गाव कोणतं?

डेनिस बर्किटचा जन्म १९११ चा, उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन इथला. वडील जेम्स बर्किट इंजिनिअर, परगण्याचे सर्व्हेअर. रस्ते आणि पूल हे त्यांचं काम, पण जीव पक्ष्यांत. घराच्या आसपासच्या रॉबिन पक्ष्यांच्या पायात त्यांनी कड्या घातल्या आणि कोणता पक्षी कुठल्या झुडपापासून कुठल्या कुंपणापर्यंत आपली हद्द मानतो, याचे नकाशे काढले. पक्षीअभ्यासकांमध्ये त्या कामाला आजही मान आहे. मुलाने हे बघितलेलं होतं. कोण कुठे राहतो याची नोंद करत गेलं की काहीतरी हाती लागतं, हे त्याला कुणी मुद्दाम शिकवावं लागलं नसणार.

अकरा वर्षांचा असताना मुलांच्या भांडणात एक दगड त्याच्या चष्म्यावर आला आणि एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो आधी इंजिनिअरिंगला गेला, मग वैद्यकाकडे वळला. घरचे संस्कार धार्मिक, श्रद्धा अगदी आतून. आफ्रिकेत जाऊन काम करायचं, हे त्याने ठरवलं तेही त्याच श्रद्धेतून. पण पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा वसाहत खात्याने एकाच डोळ्याचा सर्जन नको म्हणून नाकारला. युद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलातून तो पूर्व आफ्रिकेत पोहोचला, आणि १९४६ मध्ये शेवटी युगांडाच्या सरकारी नोकरीत लागला. मला या नकाराचं फार वाटतं. पुढे दुसऱ्या दोन-दोन डोळ्यांच्या माणसांना जे दिसलं नाही, ते याला दिसलं, म्हणून नव्हे. अशी वाक्यं त्याच्याबद्दल खूप जणांनी लिहिली आहेत. मला वाटतं ते एवढ्यासाठी की दार बंद झाल्यावरही त्याने दिशा बदलली नाही.

पहिली नेमणूक उत्तरेला लिरा इथे. मोठा जिल्हा, एक रुग्णालय, आणि जो येईल तो रुग्ण. तिथे अंडवृद्धीचे रुग्ण फार यायचे. ऑपरेशन सोपं, रोजचं. रोजचं काम करताना मन दुसरीकडे असतं, हा आपला सगळ्यांचा अनुभव. बर्किटने मात्र ऑपरेशन करता करता रुग्णांची गावं लिहून घेतली. तेव्हा लक्षात आलं की जिल्ह्याच्या एका अंगाच्या गावांतून हे रुग्ण भरपूर येतात आणि दुसऱ्या अंगाहून अगदी थोडे. खाणं तेच, माणसं तीच. फरक होता तो हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांचा. त्यावर त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. जगाने त्याची फार दखल घेतली असं नाही. पण हाताला सवय लागली.

१९४८ मध्ये तो कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आला. आणि मग १९५७ साल.

ह्यू ट्रॉवेल हा मुलांच्या कुपोषणावर काम केलेला नामांकित डॉक्टर. त्याने बर्किटला आपल्या वॉर्डात एक मुलगा दाखवायला बोलावलं. वय पाच. चेहरा विचित्र सुजलेला. वरचा जबडा, खालचा जबडा, डावी बाजू, उजवी बाजू, चारही ठिकाणी गाठी. दात हलायला लागलेले. जंतुसंसर्ग म्हणावं तर तो एकदम चार कोपऱ्यांत कसा होईल? कॅन्सर म्हणावं तर तोही असा चारही बाजूंनी एकाच वेळी येत नाही. तुकडा काढून तपासला, पण त्याने फारसा उलगडा झाला नाही. बर्किटने फोटो काढून ठेवले. कॅमेरा त्याच्याजवळ कायम असायचा.

काही आठवड्यांनी तो जिंजाला गेला होता, जिथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते तिथे. वॉर्डात राउंड घेता घेता सहज खिडकीबाहेर नजर गेली. बाहेर गवतावर एक बाई मुलीला घेऊन बसली होती. मुलीचा चेहरा तसाच सुजलेला. तो राउंड सोडून बाहेर गेला. तिचेही चारही कोपरे. पोटातही गाठी. आईला आणि मुलीला त्याने गाडीत घालून कंपालाला नेलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात त्या खिडकीपेक्षा राउंड जास्त घोळला. राउंड चालू असताना मुख्य सर्जन मध्येच बाहेर निघून जातो, मागे सिस्टर, ज्युनिअर, फायली घेतलेला वॉर्डबॉय उभे. एक विचित्र केस बघितली की ती कपाटात जाते, कधीतरी परिषदेत दाखवायला. दुसरी दिसली की तो रोग असतो. हे कळायला पहिली लख्ख आठवावी लागते, आणि दुसरी दिसली त्या क्षणी हातातलं काम टाकावं लागतं.

कंपालात त्याने जुनी रजिस्टरं काढली. तिथे जॅक डेव्हिस या पॅथॉलॉजिस्टने १९५१ पासून कॅन्सरची नोंदवही सुरू केली होती. आमच्या व्यवसायातला माणूस, म्हणून त्याचं नाव मुद्दाम घेते. अशा वह्या कुणी कौतुकाने उघडत नाही, आणि त्या नसतात तेव्हा मात्र सगळं अडतं. बघता बघता असे कितीतरी रुग्ण सापडले. जबड्याच्या गाठी एका नावाखाली, मूत्रपिंडाच्या दुसऱ्या, अंडाशयाच्या तिसऱ्या, डोळ्याच्या चौथ्या. जो तो आपापल्या अवयवाचं नाव देऊन मोकळा झालेला. बर्किटने १९५८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त निबंध लिहिला, त्यात त्याने या रोगाला जबड्याचा सार्कोमा म्हटलं, म्हणजे हाड-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर. तो सार्कोमा नाही, लसिकापेशींचा कॅन्सर आहे, म्हणजे लिम्फोमा, आणि वेगवेगळ्या अवयवांतल्या या सगळ्या गाठी एकच आहेत, हे डेव्हिस आणि ग्रेगरी ओकॉनर यांनी मायक्रोस्कोपखाली दाखवलं. मग कळलं की त्या भागातल्या मुलांना होणारा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे. इतका समोर, आणि इतकी वर्षं नाव नसलेला.

समोर होता हे खरंच. कंपालातल्या मेंगो मिशन रुग्णालयाच्या आल्बर्ट कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अशा रुग्णांची चित्रं आपल्या कागदपत्रांत काढून ठेवली होती.

आता बर्किटने तो प्रश्न सगळ्या खंडाला विचारायचं ठरवलं. पंचवीस पौंडांचं अनुदान मिळालं. त्यातून सुजलेल्या चेहऱ्यांचे फोटो असलेली पत्रकं छापली आणि आफ्रिकेतल्या सरकारी आणि मिशन रुग्णालयांना पाठवली. असा रुग्ण तुमच्याकडे येतो का? उत्तरं येत गेली, तशा भिंतीवरच्या नकाशात टाचण्या लागत गेल्या. विषुववृत्ताच्या वर-खाली एक रुंद पट्टा तयार झाला आणि त्याला पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरलेली एक शेपटी. पट्ट्याच्या मध्येच काही ठिकाणी मात्र टाचणी नाही. तिथे रोग नव्हता, की बघणारं कुणी नव्हतं? टपालाने हे ठरणार नव्हतं.

म्हणून ७ ऑक्टोबर १९६१ ला तो निघाला. सोबत दोन डॉक्टर. युगांडाच्या वायव्येला कुलुवाचं मिशन रुग्णालय चालवणारा टेड विल्यम्स, ज्याला गाड्या दुरुस्त करता यायच्या, आणि क्लिफ नेल्सन. अडीचशे पौंडांना घेतलेली जुनी फोर्ड स्टेशन वॅगन. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल, म्हणजे सोळा हजार किलोमीटर, आणि पन्नासहून जास्त रुग्णालयं. टांगानिका (आताच्या टांझानियाची मुख्य भूमी), न्यासालँड (आताचं मलावी), मोझांबिक, पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि परत. प्रत्येक ठिकाणी तेच. डॉक्टरांना, सिस्टरांना फोटो दाखवायचे. असं मूल बघितलंय का? बघितलं असेल तर कुठलं? इथलंच, की बाहेरून आलेलं?

वसाहतीच्या काळातला प्रवास तो. रुग्णालयं साम्राज्याची किंवा मिशनची, गाडी चालवणारे तिघे गोरे, आणि फोटोतली मुलं आफ्रिकेची. हे मी विसरत नाही, कुणी विसरूही नये. त्या मुलांच्या आयांना कुणी किती समजावून सांगितलं असेल, त्यांच्याकडून किती वेळा विचारून तुकडे काढले असतील, हे प्रश्न मला पडतात. तरीही त्या सोळा हजार किलोमीटरबद्दल मला जो आदर वाटतो तो कमी होत नाही. त्या मुलांना काय होतंय हे तोवर कुणी शोधायला निघालंच नव्हतं.

प्रवासातून उंचीची रेघ निघाली. विषुववृत्तावर साधारण पाच हजार फुटांच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून थोडं खालीच, हा रोग संपायचा. जसजसं दक्षिणेकडे जावं तसतशी ही रेघ खाली उतरत जाई, आणि अगदी दक्षिणेला तो फक्त किनाऱ्याच्या सखल भागात उरे. बर्किटला हा उंचीचा अडसर वाटला. एंटेबेच्या विषाणू संशोधन संस्थेचा प्रमुख अलेक्झांडर हॅडो याने नकाशा बघितला आणि सांगितलं की ही उंची नाही, हे तापमान आहे. जिथे पारा सोळा अंशांच्या खाली जातो तिथे रोग नाही. पुढे त्यात पावसाची भर पडली. वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस असेल तिथेही नाही. उष्ण आणि ओलसर. हॅडोचा सगळा जन्म डासांत गेलेला, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना हा नकाशा ओळखीचा वाटला. रोगाच्या पट्ट्यावर जिथे हिवताप वर्षभर ठाण मांडून असतो त्या प्रदेशाचा नकाशा ठेवला, तर दोन्ही बरेचसे एकमेकांवर बसत होते.

दरम्यान दुसरी गोष्ट लंडनमध्ये घडत होती. २२ मार्च १९६१ रोजी मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये बर्किटचं व्याख्यान होतं. अँथनी एप्स्टाइन हा तरुण संशोधक सूचनाफलक बघून आत जाऊन बसला. तो कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या विषाणूवर काम करत होता. विषाणूने माणसाला कॅन्सर होऊ शकतो, असं त्या वेळी बोलणाऱ्यांना फारसं कुणी मनावर घेत नसे. बर्किटने हवामानाचा आणि जागेचा संबंध सांगितला आणि एप्स्टाइनला वाटलं, एखाद्या विषाणूचं हे काम असू शकतं, कदाचित कीटकावाटे पसरणारा.

मग कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जायला लागले. जवळजवळ दोन वर्षं काहीही मिळालं नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणू दिसेना, पेशी वाढवायला घ्याव्या तर त्या बाटलीत मरून जात. संशोधनाच्या गोष्टी सांगताना ही दोन वर्षं एका वाक्यात जातात, मीही आत्ता तेच केलं. ज्याने कधी कल्चर लावलं आहे त्याला माहीत असतं की रोज सकाळी बाटली उजेडात धरून बघायची आणि रोज तीच निराशा घेऊन दिवस काढायचा, याला काय लागतं.

डिसेंबर १९६३. लंडनला धुकं पडलं आणि विमान मँचेस्टरला वळवलं. तुकडा पोहोचला तो शुक्रवारी दुपारी उशिरा, आणि त्याचं पाणी गढूळ झालेलं. गढूळ म्हणजे जंतू शिरले, फेकून द्या, हा नेहमीचा नियम. एप्स्टाइनने फेकण्याआधी त्यातला एक थेंब काचेवर घेतला. जंतू नव्हते. प्रवासाच्या हेलकाव्यांनी तुकड्यापासून सुट्या झालेल्या, जिवंत, पाण्यात मोकळ्या तरंगणाऱ्या पेशी होत्या. मग त्याने पेशी तशाच सुट्या वाढवायला घेतल्या. इव्हॉन बार ही आयरिश संशोधक आणि त्रिनिदादचा बर्ट अचाँग त्याच्याबरोबर होते. पेशी वाढायला लागल्या.

फेब्रुवारी १९६४ मध्ये एप्स्टाइनने त्या पेशी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवल्या, आणि नमुना ज्या बारीक जाळीवर ठेवतात, तसल्या पहिल्याच जाळीवर विषाणू दिसला. त्याच्या पुढच्या आठवणींत आहे, की त्याला एवढी धास्ती वाटली, किरणांनी तो नमुनाच जळून जाईल की काय, की त्याने यंत्र बंद केलं आणि बाहेर बर्फात फेरी मारून आला. परत येऊन पाहिलं, विषाणू तिथेच होता. २८ मार्चला 'लॅन्सेट'मध्ये तिघांचा निबंध आला. विषाणूला पुढे एप्स्टाइन-बार नाव पडलं. अचाँगचं नाव त्यात आलं नाही.

आज माहीत आहे की हा विषाणू जगातल्या जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात निमूटपणे राहतो, हे वाचणाऱ्यांच्याही. मग रोग त्या पट्ट्यातच का? इथे बर्किटचा नकाशा परत लागतो. विषाणू बी पेशींमध्ये, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या लसिकापेशींमध्ये, शिरतो आणि त्यांना वाढत ठेवतो. हिवताप वारंवार झाला की प्रतिकारशक्तीला सारखं कामाला लावून त्याच बी पेशींची लगबग वाढते. लगबगीत गुणसूत्रं तुटतात आणि चुकीची जुळतात. आठव्या गुणसूत्रावरचं मिक नावाचं जनुक, जे पेशीला 'वाढ' म्हणतं, ते चौदाव्यावर जाऊन प्रतिपिंडांच्या जनुकाशेजारी बसतं. बी पेशीत प्रतिपिंडांचा तो पाट बाराही महिने वाहता असतो. त्याच्या काठावर मिक लावलं गेलं की त्याला पाणी तोडणारं कुणी उरत नाही. हे जनुक १९८२ मध्ये सापडलं, पण कुठे बघायचं हे टाचण्यांनी आधीच दाखवलं होतं.

आणि मुलं? सुरुवातीला बर्किटने शस्त्रक्रिया केल्या. अर्धा जबडा काढायचा, आणि गाठ दुसरीकडे यायची. किरणोपचाराचं यंत्र युगांडात नव्हतं. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगचा जोसेफ बर्चेनल मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचं औषध घेऊन आला, मग सायक्लोफॉस्फमाइड. श्रीमंत देशांतल्या मानाने मात्रा फारच लहान, कारण औषध बेतानं मिळायचं. पण एखाद-दुसऱ्या मात्रेत सुजलेला चेहरा ओसरायला लागायचा. काही मुलांच्या गाठी परत आल्याच नाहीत. बर्किट त्यांना शोधत त्यांच्या गावी जायचा, फोटो काढून आणायचा. उपचाराआधीचा चेहरा आणि वर्षांनंतरचा, शेजारी शेजारी. औषधांनी घन गाठीचा कॅन्सर बरा होऊ शकतो, यावर डॉक्टरांचा विश्वास बसायला त्या फोटोंची मदत झाली. १९६७ मध्ये कंपालात त्या कामावर युगांडा कॅन्सर इन्स्टिट्यूट उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

त्या काळातल्या काही गाठींच्या पेशी अजूनही जिवंत आहेत. प्रयोगशाळेत काम केलेल्यांना 'राजी' हे नाव माहीत असतं. १९६३ मध्ये नायजेरियातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जबड्याच्या गाठीतून ही पेशीमालिका, म्हणजे प्रयोगशाळेत वाढतच राहणाऱ्या पेशींची वंशावळ, सुरू झाली, आणि आज जगभरच्या गोठणपेट्यांमध्ये ती आहे. मी शिकत असताना माझ्या हातूनही राजीच्या पेशी गेल्या. गुलाबी माध्यमात बाटलीच्या तळाशी त्यांचे छोटे छोटे पुंजके जमायचे, हलवलं की सुटे व्हायचे. त्या मुलाचं गाव कोणत्याही कागदावर मी वाचलेलं नाही.

१९६६ मध्ये बर्किट इंग्लंडला परतला. पुढे कोंडा, भाज्या, चोथा यांबद्दल बोलणारा म्हणून तो जास्त प्रसिद्ध झाला, आणि तिथेही पद्धत जुनीच. कुठल्या देशातल्या माणसांना आतड्याचे कोणते आजार होतात आणि कोणते होत नाहीत, हे रुग्णालयांना पत्रं पाठवून विचारायचं. १९७२ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १९९३ च्या मार्चमध्ये गेला.

आता मला माझ्या स्लाइडकडे यायचं आहे.

शिक्षण संपवून मी एका रुग्णालयात लागले, नाव नको. पहिल्याच वर्षी एका शनिवारी दुपारी एक बरणी आली. सहा वर्षांचा मुलगा, आतडं अडकलं म्हणून रात्रीत ऑपरेशन, आतड्याच्या कडेला गाठ. फॉर्मवर एकच ओळ: 'पोटात गाठ, तपासणीसाठी.' बरणी लहान होती, तुकडा तिच्यात कोंबलेला आणि फॉर्मॅलिन जेमतेम. टेक्निशियन घरी गेला होता. मीही निघाले होते. बरणी टेबलावर ठेवली आणि सोमवारी बघू म्हटलं. सोमवारी कापायला घेतलं, ब्लॉक बनले, बुधवारी रात्री स्लाइड आली, गुरुवारी सकाळी मी लो पॉवरला आले आणि समोर आकाश. रिपोर्ट गेला तेव्हा शनिवार उलटून पाच दिवस झाले होते. या गाठीचे पाच दिवस म्हणजे काय, हे मला सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते दिवस माझे होते. फॉर्म अर्धवट असणं, बरणी लहान असणं, शनिवार असणं, यातलं काहीही मी त्यांच्याआड ठेवत नाही. त्यानंतर माझ्या टेबलावर लहान मुलाची गाठ रात्रभर बंद बरणीत राहिलेली नाही.

शुक्रवारी त्या मुलाची आजी आली. मुलाला टाटाला न्यायचं ठरलं होतं, आणि तिथे ब्लॉक आणि स्लाइड लागणार होत्या. नऊवारी, पायात रबरी चपला, हातात वायरची पिशवी. मी ब्लॉक कापसात गुंडाळले, स्लाइड डबीत घातल्या आणि सही घ्यायला रजिस्टर पुढे केलं. तिने अंगठा दिला. मग एक ब्लॉक उजेडाकडे धरून बघितला.

"हे मेण हाय का?"

"हो. आत तुमच्या नातवाच्या गाठीचा तुकडा आहे."

"मेणात का घातलाय?"

"म्हणजे सडत नाही. आणि पातळ पातळ कापता येतो."

"किती वर्सं ऱ्हाईल?"

"पन्नास वर्षंसुद्धा."

तिने ब्लॉक परत कापसात नीट गुंडाळला, पिशवीतून भाकरीचा रिकामा स्टीलचा डबा काढला, पदराने आतून पुसला आणि त्यात सगळं ठेवून झाकण घट्ट लावलं. निघताना दारात थांबली.

"पोरी, तुझं गाव कंचं?"

"म्हसवड."

"सिद्धनाथाचं?"

"हो."

"मग आमच्याच बाजूची की गं तू," ती म्हणाली, आणि जिन्याकडे वळली. मुलाला खालच्या बाकावर कुणापाशी तरी ठेवून ती वर आली होती, तिला घाई होती.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही. टाटात त्याला औषधं लागू पडली असतील तर तो आज तिशीत असेल. काही वर्षांनी मी ते रजिस्टर काढून पाहिलं. नाव आहे, वय ६, पुरुष, ब्लॉक ३, स्लाइड ४, अंगठ्याचा ठसा. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'वॉर्ड ७'.

माण, खटाव, आटपाडी, सांगोला, माळशिरस. आमची बाजू म्हणजे एवढा सगळा मुलूख.